रिप्लाय आणि आन्सर

निपाणीत शिंक हा अपशकुन धरत नाहीत. धरला असता तर गावात एक लग्न ठरलं नसतं की एक गाडी बाहेर पडली नसती. तंबाखूच्या दिवसांत सगळ्या गावावर पानांच्या धुळीचा बारीक खकाणा तरंगत असायचा. भाकरीच्या पिठात तो, अंथरुणात तो, शाळेच्या पुस्तकांच्या पानांतही तोच. आम्हाला त्याची सवय होती. बाहेरचा माणूस मात्र मोटारीतून उतरला की आधी नाक धरायचा आणि मग पत्ता विचारायचा. आमचं घर तर वखारीला पाठ लावूनच होतं. सकाळ झाली की भिंतीपलीकडे बायका तंबाखू चाळायला बसायच्या, चाळण्यांचा सर्र सर्र आवाज सुरू व्हायचा आणि त्या तालावर आई इकडे भाकऱ्या थापायची. वखार बंद असली की तुझ्या भाकऱ्या वाकड्या होतात, असं आप्पा म्हणायचे. आई म्हणायची, "वखार बंद असली की तुम्ही घरात असता, म्हणून वाकड्या हुत्यात."

आप्पा, म्हणजे माझे वडील, त्या वखारीत कारकून होते. शेठचा इंग्रजी पत्रव्यवहार तेच सांभाळायचे. शाळेत त्यांचं इंग्रजी चौथीपर्यंतच झालेलं, पुढचं सगळं त्यांना व्यापाऱ्यांच्या पत्रांनी शिकवलं होतं. त्यामुळे त्यांच्या इंग्रजीला तंबाखूचा वास होता. भाव, माल, वजन, पावसानं भिजलेली पोती यांबद्दल ते साहेबासारखं लिहीत, पण फुलाला, आकाशाला किंवा दुखणाऱ्या पोटाला त्यांच्याकडे शब्द नव्हता. शेठचा एक नियम होता. आलेल्या पत्राला त्याच दिवशी उत्तर गेलंच पाहिजे, मग सांगण्यासारखं काही असो वा नसो. नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या वखारीत जातं. म्हणून आप्पांनी इंग्रजीत तीन वाक्यं घोटून ठेवली होती. आपलं पत्र पोचलं, वाचून आनंद झाला, आणि सदर बाबीचा आम्ही सहानुभूतीपूर्वक विचार करीत आहोत. ही तीन वाक्यं गेली की तो झाला रिप्लाय. ते पत्र मग एका लाकडी पेटीत पडून राहायचं. पुढे खरोखर भाव ठरला, हो किंवा नाही झालं, की जायचं ते आन्सर. आन्सर गेलं की पत्र पेटीतून निघायचं आणि भिंतीवरच्या तारेत ओवलं जायचं. रविवारी आप्पा कामाचे कागद घरी आणत आणि पत्रं ओवायला मी बसायची. तारेचं टोक बोटात घुसायचं. पेटी नेहमी भरलेली आणि तार बहुतेक रिकामी, हे माझ्या लहानपणीच ध्यानात आलं होतं, पण त्याचा पुढे मला उपयोग होईल असं काही वाटलं नव्हतं.

मी मुलांच्या शाळेत इंग्रजी चौथीपर्यंत गेले. वर्गात आम्ही दोनच मुली, मास्तरांच्या टेबलाला चिकटून बाक. दुसरीचं लग्न झालं आणि एकटी मुलगी कशी बसणार म्हणून मलाही काढलं. मला मॅट्रिक व्हायचं होतं. का व्हायचं होतं, हे तेव्हा विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पोस्टात, कचेरीत, मोटारीच्या पाटीवर जे इंग्रजी लिहिलेलं असे ते मला वाचता यावं आणि कुणाला विचारावं लागू नये, एवढंच असेल. पण ती इच्छा फार जोराची होती. शाळा सुटली त्या दिवशी मी दिवसभर जेवले नाही, आणि आमच्या घरात न जेवणं म्हणजे लहान गोष्ट नव्हती.

त्या वर्षी माझ्यासाठी दोन स्थळं पुढे आली. एक संकेश्वरचं. बिजवर, दोन मुलं, भरपूर जमीन, आणि घाई अशी की पाहायला न येताच होकार. त्या घरात पुस्तक म्हणजे पंचांग. दुसरं बेळगावचं. आमच्या जातीतले पहिले वकील, त्यांचा मुलगा कॉलेजात शिकत होता आणि त्यांना इंग्रजी जाणणारी सून हवी होती. असं म्हणत की त्या घरात सुनेला शिकू देतील. 'असं म्हणत' यावर तुम्ही लक्ष ठेवा, कारण आम्ही ठेवलं नाही. बेळगाव झालं तर माझी मॅट्रिक, संकेश्वर झालं तर दोन मुलांची आई, इतका सरळ मामला होता.

पण वकीलसाहेबांची एक परीक्षा होती. ते मुलीला गाणं विचारत नसत, चालून दाखव म्हणत नसत. ते दोन सारखे इंग्रजी शब्द सांगत आणि त्यांच्यातला फरक विचारत. तीन मुली त्यावर नापास झाल्या होत्या. ही बातमी नापास झालेल्या मुलींच्या घरांतूनच फुटली आणि चिकोडीपासून कागलपर्यंत पसरली. मग आमच्या पाहुण्यांत जे सुरू झालं त्याचं मला आजही हसू येतं. बोरगावच्या मामानं निरोप धाडला, तिथल्या पोरीला 'बिग' आणि 'ग्रेट' विचारलं. कुणाकडून कार्ड आलं, 'लुक' आणि 'सी'. कुणी बाजारात आप्पांना गाठून कानात सांगितलं, 'हिअर' आणि 'लिसन', जणू चोरीचा माल देत होता. आप्पांनी निळ्या पुठ्ठ्याची वही घातली. तीत चाळीस जोड्या झाल्या. रोज संध्याकाळी जेवताना दोन जोड्या, असा रतीब सुरू झाला.

शिकवणारे आप्पा, त्यामुळे सगळ्या जोड्या वखारीतून जायच्या. "लुक म्हंजे," ते भाकरीचा तुकडा हातात धरून सांगायचे, "दलाल ढिगाकडं बघतो ते. आन सी म्हंजे त्येला आतला ओला माल दिसतो ते. समजलं?" मी मान हलवायची. आई चुलीपुढून म्हणायची, "म्हंजे तुम्ही रोज भिंतीतल्या दिवळीकडं लुक करता, आन तुमचा चष्मा तितंच असतो त्यो मला सी हुतो. व्हय न्हवं?" आप्पा तिला गप्प बस म्हणायचे. पण खरं सांगायचं तर आईची उदाहरणं मला लगेच कळत. तिला अक्षरओळख नव्हती. बोरगावच्या शेतकऱ्याची मुलगी, आठ वर्षांची असताना लग्न झालेलं. 'हिअर' आणि 'लिसन'चा दिवस मला चांगला आठवतो. त्या दिवशी झुणका आणि खर्डा होता. आप्पांनी बराच वेळ भिंतीपलीकडच्या चाळणीचं उदाहरण दिलं आणि स्वतःच अडकले. आई म्हणाली, "सोपं हाय की. मी बोलतो ते तुमच्या कानावर पडतं ते एक. आन तुम्ही ते ऐकता ते दुसरं." मग तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "दुसरं अजून घडायचं हाय." आमच्याकडच्या बायका मी येतो, मी जातो असंच बोलतात, पण आई 'मी बोलतो' म्हणायची तेव्हा ते नुसतं बोलीचं वळण आहे असं वाटायचं नाही.

पाहायला तिघं आली. वकीलसाहेब, त्यांची थोरली विधवा बहीण आत्याबाई आणि मुलगा. मुलगा म्हणजे आमचे हे. बेळगावहून सर्व्हिस मोटारीनं आली आणि आमच्या बोळात शिरतानाच वकीलसाहेबांना पहिली शिंक आली. आत्याबाई उंबऱ्यावर थबकल्या. शिंक झाली, आता आत जायचं कसं? आप्पा हात जोडून म्हणाले, "आक्का, इथं थांबला तर दुसरी येईल." आणि आली. मग त्या नाइलाजानं आत आल्या. त्यांनी आणलेला बेळगावी मिठाईचा, कुंद्याचा पुडा आईनं आत नेला आणि बाहेर उप्पिट पाठवलं. आई स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली. तिनं बाहेर यायची पद्धत नव्हती. मला तिच्या लुगड्याचा काठ तेवढा दिसत होता आणि त्याच्यावर माझी सगळी भिस्त होती.

मी पाटावर बसले. आमचे हे समोर बसून बुटाच्या नाडीकडे पाहत होते. पुढे पन्नास वर्षांनी त्यांनी कबूल केलं की वडील शिंकू लागले की त्यांना हसू आवरत नसे, म्हणून मान खाली होती. मी मात्र तेव्हा समजले की मुलाला मी आवडले नाही. वकीलसाहेबांनी रुमालानं नाक पुसलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "दोन शब्द सांगतो. रिप्लाय आणि आन्सर. फरक सांग."

ही जोडी वहीत नव्हती. आप्पांचा चेहरा उतरला. चाळीस जोड्या पाठ, आणि ही एक्केचाळिसावी. मीही आधी मनातल्या मनात वही चाळली. पण पुढच्याच क्षणाला मला ती लाकडी पेटी आणि ती तार दिसली आणि हसायलाच आलं. मी म्हणाले, "आमच्या वखारीत पत्राला रिप्लाय त्याच दिवशी जातो. आन्सर भाव ठरल्यावर जातं. रिप्लाय गेलेलं पत्र पेटीत पडून राहतं. आन्सर गेलेलं तारेला लागतं."

 वकीलसाहेब एवढ्या मोठ्यानं हसले की आत्याबाईंच्या हातातली बशी हलली. "शाबास," ते म्हणाले. "ही कोर्टात शोभेल. आता तुला काही विचारायचं असेल तर विचार." हे ते आधीच्या तीनही मुलींना म्हणाले होते म्हणे, आणि तिन्हींनी मान हलवून नाही म्हटलं होतं. तसंच म्हणायचं असतं. पण शाबासकी माझ्या डोक्यात गेली होती. मी विचारलं, "मला मॅट्रिकला बसू देणार का?"

आत्याबाईंनी बशी खाली ठेवली. आप्पांनी डोळे मिटले. वकीलसाहेबांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "हे बघ बाळ, आमच्या घरात विद्येला फार मान आहे. मुलीच्या जातीला शिक्षण हवं, असं मी सभेतसुद्धा बोललो आहे. सगळं वेळच्या वेळी, रीतीनं होईल. तू काही काळजी करू नकोस." फार गोड बोलले. मी समाधानानं मान डोलावली. आप्पांनी सुटकेचा श्वास सोडला. आणि तेव्हा दाराआडून आईचा आवाज आला. तिनं आवाज चढवला नव्हता, भाजीत मीठ किती घालू विचारावं तसंच विचारलं.

"साहेब, ह्यो रिप्लाय झाला का आन्सर?"

पलीकडच्या चाळण्या चालू होत्या म्हणून बरं, नाही तर त्या शांततेनं आम्ही मेलोच असतो. परपुरुषांच्या बैठकीत, व्याह्यांच्या तोंडावर, दाराआडून बाईनं बोलायचं, तेही इंग्रजी! वकीलसाहेबांनी तोंड उघडलं आणि त्यांना शिंक आली. मग एकामागून एक पाच-सहा आल्या. त्यांतून सावरल्यावर ते उठले, काठी घेतली आणि "कळवतो" म्हणाले. मुलाकडचे 'कळवतो' म्हणाले की त्याचा अर्थ काय, हे तेव्हाच्या मराठीत सगळ्यांना माहीत होतं. आत्याबाई बोळातून जाताना मागे वळून एकदा दाराकडे बघत गेल्या.

आप्पा आईवर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "तुझ्या एका बोलण्यानं पोरीचं वाटोळं झालं." आई म्हणाली, "तिनं इचारलं ते खरं तर कुणी इचारायचं हुतं? तुम्ही. तुम्ही न्हाय इचारलं म्हणून पोरीनं इचारलं. आन त्येनी न्हाय सांगितलं म्हणून मी इचारलं." मग बऱ्याच वेळानं भांडी आवरताना, कुणालाच उद्देशून नाही अशी ती म्हणाली, "आमच्या येळंला आमाला कायच कुणी इचारलं न्हाय. त्यामुळं रिप्लाय बी न्हाय आन आन्सर बी न्हाय." मी अंथरुणावर पडून सगळं ऐकत होते. मला आईचा राग आला होता, हे आज लिहायची लाज वाटते, पण आला होता. मला मॅट्रिकची पुस्तकं दूर जाताना दिसत होती आणि संकेश्वरची ती दोन मुलं जवळ येताना. चार दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. तिनंही मनधरणी केली नाही. फक्त त्या चार दिवसांत माझ्या ताटात कुंद्याचा तुकडा सगळ्यांपेक्षा मोठा असायचा.

आठव्या दिवशी बेळगावहून पत्र आलं. इंग्रजीत, जाड कागदावर. आप्पांनी ते आधी मनात वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. मुलगी पसंत होती! माघात मुहूर्त होता. आईनं वाचायला लावलं तेव्हा ते एकेक वाक्य मराठीत करून सांगू लागले. मुलगी चतुर आहे, घराणं चांगलं आहे, देण्याघेण्याचा आग्रह नाही. "आन शिक्षणाचं?" आई म्हणाली. आप्पांनी पान उलटलं. "हाय की. हे बघ. सदर बाबीचा मी सहानुभूतीपूर्वक..." एवढं म्हणून ते थांबले. पुन्हा इंग्रजीतून वाचलं. चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं.

"काय झालं?" आई म्हणाली.

"ह्ये माझं वाक्य हाय," आप्पा म्हणाले.

वीस वर्षं ते हेच वाक्य लिहीत आले होते. ते वाक्य कधी लिहितात, कशासाठी लिहितात आणि ते लिहिल्यावर पत्राचं पुढं काय होतं, हे साऱ्या निपाणीत त्यांच्याएवढं कुणाला माहीत असणार? हे वाक्य पाठवून पेटीत टाकलेल्या पत्रांवरची धूळ त्यांनी स्वतःच्या हातानं झटकली होती. आता त्याच वाक्यावर त्यांची मुलगी पेटीत पडणार होती. ते आईकडे बघून हसले, पण ते हसू काही चांगलं नव्हतं. "अगं, ह्यो रिप्लायच हाय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आप्पांनी कोरा कागद घेतला आणि वकीलसाहेबांना पत्र लिहायला बसले. मुलीच्या बापानं पसंतीच्या पत्राला काय लिहायचं असतं? आभार मानायचे आणि पाय धरायचे. माझे आप्पा तसे भित्रे. शेठपुढे कधी मान वर करून बोलले नाहीत, मोटारीच्या कंडक्टरलासुद्धा 'साहेब' म्हणत. सकाळी बसलेले ते उन्हं उतरेपर्यंत बसून होते. पाच कागद फाडले. सहाव्यावर दोनच ओळी राहिल्या, त्याही इंग्रजीत. आपला रिप्लाय पोचला, आनंद झाला. आपल्या आन्सरची वाट पाहत आहोत. मग ते पत्र टाकायला पोस्टात गेले आणि तसंच घेऊन परत आले. पाणी प्यायले, पुन्हा गेले. या खेपेला हात मोकळे होते. मला त्या वेळी ते फार आवडले, इतके की पुढे कधी त्यांचा राग आलाच नाही.

मग वाट पाहणं आलं. मधल्या काळात संकेश्वरवाले स्वतः येऊन बसले, आज काय ते सांगा म्हणाले. आप्पांनी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, "तुमचा निरोप पोचला, आनंद झाला, विचार चालू हाय." आई आत तोंडाला पदर लावून बसली होती. संकेश्वरवाले खूश होऊन गेले. हल्ली मी नातवाला फोन करून कधी येतोस विचारलं की तो म्हणतो, "आजी, बघतो, नक्की ट्राय करतो." मी लगेच विचारते, हे काय झालं? त्यालाही ठाऊक आहे. तो म्हणतो, रिप्लाय.

दोन आठवड्यांनी, आई पडवीत शेंगा फोडत बसली असताना पोस्टमन बोळात आला आणि ओरडला, "भागीरथीबाई!" आईनं मान वर केली नाही. तो पुन्हा ओरडला. आई मला म्हणाली, "सांग त्येला, इथं कोण न्हाय म्हणून." मी म्हणाले, "आई, तुझंच नाव की." तिला सगळे सुशीची, म्हणजे माझी, आई, कारकुनांची बायको, नाही तर वहिनी म्हणत. नावानं हाक मारणारं तिच्या माहेरीसुद्धा कुणी उरलं नव्हतं, मामाही आक्काच म्हणायचा; ते नाव आता फक्त माझ्या पत्रिकेत होतं. ती उठली, शेंगांची टरफलं झटकली, हात पुसले, पुन्हा पुसले आणि कार्ड घेतलं. उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्यापुढे धरलं. कार्ड मराठीत होतं. मी वाचलं.

"सौ. भागीरथीबाई यांस. आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर : होय. मुलीस मॅट्रिकला बसवू. थोरली ताई नको म्हणते, तिची समजूत मी घालीन. हे आन्सर आहे, रिप्लाय नव्हे. नाकाची आग अजून शमलेली नाही."

मी रडायला लागले. आईनं आणखी दोनदा वाचायला लावलं. तिसऱ्या खेपेला तिनं फक्त नावाचीच ओळ वाचायला सांगितली. मॅट्रिक मी झाले. गणितात एकदा आपटले आणि दुसऱ्यांदा निघाले, पोटात थोरला असताना. आत्याबाईंनीच परीक्षेला जाताना हातावर दही घातलं. पण ते पुढचं.

संध्याकाळी आप्पा आले. कार्ड वाचलं, खांबाला टेकून खाली बसले आणि थोड्या वेळानं उठून रविवारी पत्रं ओवायची ती घरातली तार काढली. एवढ्या वर्षांत स्वतःच्या घरचं आन्सर तारेला लावायची त्यांची ही पहिलीच वेळ होती. कार्डाला भोक पाडायला त्यांनी टोक नीट धरलं, तेवढ्यात आईनं ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"तारंला लावायचं न्हाय," ती म्हणाली. "ते मला आलंय."